आपल्या शहराचा आवाज, आपल्याच कानी



२३ जुलै १९२७ या दिवशी तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी'च्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले आणि हिंदुस्थानात नभोवाणीचे नियमित पर्व सुरू झाले. त्या केंद्राचा प्रक्षेपक दीड किलोवॅट शक्तीचा होता आणि त्याचा आवाका सुमारे तीस मैलांचा होता. म्हणजे ठाणे त्या कक्षेत सहज बसत होते आणि कल्याण तिच्या काठावर होते. रेडिओचा वार्षिक परवाना दहा रुपयांना मिळे. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, त्यामुळे ऐकणारी घरे बोटांवर मोजण्याएवढी होती.

२०२७ साली या घटनेला शंभर वर्षे पूर्ण होतात. या अवधीत सारे चित्र पालटले. २०११च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांवर गेली. रेडिओ घराच्या फडताळातून निघून खिशातल्या भ्रमणध्वनीत आला. सकाळच्या लोकलमध्ये उभे राहायला जागा नसते, वर्तमानपत्र उघडण्याची तर बातच नको. पण कान मोकळे असतात. मग या कानांवर काय पडते? गाणी पडतात, क्रिकेट पडते, दिल्लीचे राजकारण पडते, अमेरिकेतल्या कुणा उद्योगपतीची मुलाखत पडते. परंतु डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत काल काय घडले, उल्हास नदीच्या पाण्याचे काय झाले, कल्याणच्या महासभेत कोणता ठराव आला, हे मात्र पडत नाही. तीस मैलांवरची गाणी शंभर वर्षांपूर्वी कानी आली. आपल्याच गल्लीतली बातमी अजून आलेली नाही. ती कोणी आणायची आणि त्यासाठी काय शिकावे लागेल, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

रेडिओवर बातमी का नाही?

असा समज असतो की, खासगी एफ.एम. वाहिन्या बातम्या देत नाहीत, कारण त्यांना त्यात रस नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. २००१ पासून देशात खासगी एफ.एम. वाहिन्या आल्या, परंतु परवान्याच्या अटींनी त्यांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई केली. २०११च्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रे कोणताही बदल न करता पुन:प्रक्षेपित करण्याची मुभा दिली. त्याखेरीज वाहतूक, हवामान, क्रीडा, परीक्षा, पाणी व विजेसंबंधीच्या सूचना यांना 'वार्ता नव्हे' असे मानून वाट मोकळी करून दिली. याचा अर्थ असा की, 'मंगळवारी पाणी येणार नाही' एवढे सांगता येते. 'पाणी वारंवार का येत नाही' हे शोधून सांगता येत नाही.

सामुदायिक रेडिओची कथाही याहून फार वेगळी नाही. २००२ साली शैक्षणिक संस्थांना आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रे चालवण्याचा मार्ग खुला झाला. शंभर वॅट शक्ती, तीस मीटरपर्यंतचा मनोरा आणि दहा-बारा किलोमीटरचा परिसर असे त्याचे स्वरूप. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' आणि साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवड येथील 'माणदेशी तरंग वाहिनी' ही त्याची परिचित उदाहरणे. शेती, आरोग्य, लोककला यांसाठी या केंद्रांनी मोठे काम केले. पण बातम्यांच्या बाबतीत त्यांनाही आकाशवाणीच्याच बातमीपत्रांचे बंधन घातले गेले. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. खासगी एफ.एम.ला तासाला दहा मिनिटे बातम्यांची परवानगी द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ साली केली. न्यायालयाचा निर्वाळा आणि ही शिफारस यांच्यामध्ये अठ्ठावीस वर्षे गेली.

उरते आकाशवाणी. तिची परंपरा थोर आहे. मराठी प्रादेशिक बातमीपत्रांनी मराठी माणसाला शुद्ध, संयत आणि विश्वासार्ह भाषेची सवय लावली. जिल्ह्याजिल्ह्यांत तिचे अंशकालीन वार्ताहर काम करतात. परंतु दहा मिनिटांच्या बातमीपत्रात साऱ्या महाराष्ट्राला बसवायचे असते. त्यात ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला एखादे वाक्य आले, तरी ते पुष्कळच म्हणायचे.

घरातून निघालेला आवाज

या कोंडीतून वाट काढली ती पॉडकास्टने. २००४ सालच्या फेब्रुवारीत बेन हॅमर्सली या ब्रिटिश पत्रकाराने 'द गार्डियन'मधील एका लेखात हा शब्द प्रथम वापरला. ध्वनिमुद्रित कार्यक्रम महाजालावर ठेवायचा आणि श्रोत्याने तो आपल्या सोयीने ऐकायचा, अशी ही सरळ व्यवस्था. नवा भाग श्रोत्यापर्यंत आपोआप पोहोचवणाऱ्या तांत्रिक पद्धतीला 'आर.एस.एस.' म्हणतात. अर्थात या पानांच्या वाचकांना परिचित असलेली ती अक्षरे वेगळी. येथे त्यांचा अर्थ 'रिअली सिंपल सिंडिकेशन' एवढाच आहे! येथे प्रक्षेपक नको, मनोरा नको, लहरींचा परवाना नको.

घरातून आवाज पोहोचवण्याची ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. १० सप्टेंबर १९३५ रोजी म्हैसूरमध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरातून अवघ्या तीस वॅटच्या प्रक्षेपकावर एक नभोवाणी केंद्र सुरू केले. त्या केंद्राचे नाव 'आकाशवाणी'. पुढे हेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. एका शिक्षकाने घरात लावलेल्या रोपट्याचे नाव राष्ट्राच्या वटवृक्षाला मिळाले, ही गोष्ट डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या सदनिकेत ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्या तरुणाने ध्यानात ठेवावी.

मात्र सोय झाली म्हणजे विद्या आली, असे होत नाही. आज दोघे-तिघे समोरासमोर बसून दोन-दोन तास गप्पा मारतात आणि त्याला पॉडकास्ट म्हणतात. गप्पांना मराठी माणसाचा विरोध असण्याचे कारण नाही. कट्टा ही आपली जुनी संस्था आहे. परंतु कट्ट्यावरची गप्प म्हणजे पत्रकारिता नव्हे. पत्रकारितेत कोणीतरी उठून जागेवर जावे लागते, विचारावे लागते, कागद पाहावा लागतो आणि मगच तोंड उघडावे लागते.

विश्वास हेच भांडवल

आवाजाच्या पत्रकारितेत विश्वासाचे मोल काय असते, याचे उदाहरण आपल्याच कोकणात आहे. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील वृत्तपत्रे सेन्सॉरच्या टाचेखाली होती. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सावंतवाडीजवळच्या आंबोलीच्या जंगलातून एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे ते केंद्र चालवत. प्रक्षेपणाची सामग्री एका ट्रकमध्ये बसवलेली होती. पुढे हे केंद्र कॅसलरॉकच्या बाजूला हलले, पण डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत पोर्तुगीज आणि कोकणी भाषांतून ते बोलत राहिले. १९ डिसेंबर १९६१ रोजी याच दोघांनी विमानातून ध्वनिवर्धकावरून गोमंतकीयांना मुक्तीची वार्ता दिली. लिबिया लोबो-सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्रीने गौरवण्यात आले.

श्रोत्यांना हे दोघे दिसत नव्हते. छापील कागद नाही, छायाचित्र नाही, कार्यालयाचा पत्ता नाही. असे केंद्र सहा वर्षे टिकते ते केवळ शब्दाच्या खरेपणावर. एखादी बातमी खोटी निघाली असती, तर पोर्तुगीज सरकारला निराळा प्रचार करण्याची गरजच उरली नसती. ध्येय कितीही उदात्त असले, तरी त्यासाठी खोटी बातमी देण्याची मुभा मिळत नाही. उलट ध्येय जितके मोठे, तितकी खरेपणाची जबाबदारी अधिक.

याच्या उलट बाजूचे चित्रही आपण पाहिले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. उल्हास नदीने पात्र सोडले. कल्याण, बदलापूरचा परिसर पाण्याखाली गेला. वीज नाही, दूरध्वनी बंद, लोकल ठप्प. पाणी ओसरू लागल्यावर, २८ जुलैला, मुंबईत जुहूजवळच्या नेहरूनगरात पाण्याचा लोंढा येत असल्याची अफवा उठली आणि चेंगराचेंगरीत निष्पाप जीव गेले. ते लोक पुरातून वाचले होते. त्यांचा बळी घेतला तो अफवेने. तेव्हा भ्रमणध्वनीवर ध्वनिफिती फिरत नव्हत्या. आज फिरतात. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत भीषण स्फोट झाला, परिसरातील घरांच्या काचा फुटल्या, अनेकांचे प्राण गेले. अशा वेळी प्रत्येक घराला तीनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात : धोका कोठपर्यंत आहे, घर सोडायचे की थांबायचे आणि आपला माणूस कोठे चौकशी केल्यावर सापडेल. या तीन प्रश्नांची पडताळलेली उत्तरे दोन मिनिटांत, शांत आवाजात देणारे कोणी शहरात असणे, ही नागरी संरक्षणाचीच एक व्यवस्था आहे. आणि ती संकटाच्या दिवशी उभी करता येत नाही. आधीपासून शिकून तयार असावी लागते.

पहिला धडा : कानासाठी लिहिणे

वाचकाचे डोळे मागे जाऊ शकतात; श्रोत्याच्या कानांना मागे वळता येत नाही. एक शब्द निसटला की पुढचे वाक्य निसटते. म्हणून रेडिओच्या लेखनाचा पहिला नियम : एका वाक्यात एकच गोष्ट.

समजा, महापालिकेचे एक पत्रक आले. वर्तमानपत्रात ते असे छापले जाईल : 'मोहिली येथील जलशुद्धीकरण केंद्रातील यंत्रसामग्रीच्या तातडीच्या दुरुस्तीच्या कारणास्तव येत्या मंगळवारी सकाळी आठ ते रात्री आठ या कालावधीत शहराचा पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असल्याचे महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाच्या वतीने कळवण्यात आले आहे.' वाक्याची क्रिया येईपर्यंत श्रोत्याची गाडी कोपरहून दिव्याला पोहोचलेली असते. आता तेच कानासाठी : 'येत्या मंगळवारी दिवसभर नळाला पाणी येणार नाही. सकाळी आठला पुरवठा बंद होईल, तो रात्री आठनंतर सुरू होईल. मोहिलीच्या केंद्रात दुरुस्ती आहे, असे महापालिकेने कळवले आहे. पाणी सोमवारीच भरून ठेवावे.' माहिती तीच. पण आता ती स्वयंपाकघरात भाजी चिरणाऱ्या गृहिणीच्याही लक्षात राहील.

दुसरा नियम आकड्यांचा. '१२ लाख ४७ हजार ३२७' ही संख्या कागदावर शोभते. कानाला 'साडेबारा लाखांच्या जवळपास' पुरते. तिसरा नियम वेगाचा. सावकाश, स्पष्ट वाचन करताना मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. पाच मिनिटांच्या बातमीपत्राला पाच-सहाशे शब्द पुरतात. तेव्हा काय सांगायचे यापेक्षा काय गाळायचे, हा निर्णय आधी घ्यावा लागतो. आणि चौथा नियम असा की, लिहिलेले प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून पाहिल्याशिवाय कायम करू नये. जेथे जीभ अडखळते, तेथे वाक्याचा दोष असतो, जिभेचा नव्हे.

आपल्या परंपरेत याचे पाठ आहेतच. 'केसरी'चा अंक गावात एकाने वाचायचा आणि चावडीवर बसलेल्यांनी ऐकायचा, अशी रीत होती. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक सिद्धान्त मांडतात आणि उत्तररंगात तो आख्यानातून उभा करतात. वीस मिनिटांच्या पॉडकास्टला याहून चांगला आराखडा परदेशातून आणण्याची आवश्यकता नाही. आधी प्रश्न नेमका मांडावा, मग एका माणसाच्या, एका घराच्या, एका दिवसाच्या कथेतून तो दाखवावा आणि शेवटी पुन्हा प्रश्नावर येऊन थांबावे.

दुसरा धडा : वाणी

आकाशवाणीत हंगामी निवेदकांची निवड लेखी परीक्षा आणि स्वरचाचणी यांतून होते आणि निवड झालेल्यांसाठी 'वाणी' नावाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो. आवाज गोड असणे ही त्यातली दुय्यम गोष्ट आहे. उच्चार स्वच्छ असणे, श्वास योग्य जागी घेणे आणि अर्थ समजून वाचणे या मुख्य गोष्टी आहेत.

मराठीत 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार आहेत. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' एक नाही. 'थोडे' या अर्थाचा 'जरा' आणि 'वार्धक्य' या अर्थाचा 'जरा' लिहिताना सारखे, बोलताना वेगळे. 'कळवा'चा 'कलवा' आणि 'टिटवाळा'चा 'टिटवाला' करणाऱ्या निवेदकाला त्या गावचा माणूस आपला मानत नाही. हा भेद जपावा. पण प्रमाण भाषेच्या आग्रहापायी बोलींचा अवमान होऊ देऊ नये. निवेदकाने प्रमाण मराठीत बोलावे आणि आगरी, कोळी, ठाकरी बोलणाऱ्या माणसाला त्याच्याच भाषेत बोलू द्यावे. त्याचे वाक्य 'शुद्ध' करून घेतले की त्यातला माणूस निघून जातो.

तिसरा धडा : ऐकणे आणि मुद्रित करणे

मुलाखत म्हणजे प्रश्नांची सरबत्ती नव्हे. प्रश्न लहान असावा आणि 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर संपणारा नसावा. समोरचा बोलत असता 'हं, हं' करू नये. मान हलवली तरी पुरते. उत्तर संपल्यावर दोन क्षण थांबावे. पुष्कळदा खरी गोष्ट त्या दोन क्षणांनंतर येते. ज्याच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, त्याला 'तुम्हाला कसे वाटते?' असे विचारण्याचा निर्दयपणा दूरचित्रवाणीने रूढ केला. तो नव्या माध्यमात आणू नये.

साधनांची भीती बाळगण्याचे कारण नाही. प्रारंभी एक बरा भ्रमणध्वनी आणि कानाला लावायचे हेडफोन पुरतात. मुद्रण करण्यापूर्वी फोन 'फ्लाइट मोड'वर टाकावा, नाहीतर ऐन वाक्यात घंटा वाजते. ध्वनिग्राहक तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा. उघड्यावर वाऱ्याचा घोंघाट येतो. ध्वनिग्राहकावर फोमची टोपी चढवावी. घरात मुद्रण करायचे तर कपड्यांच्या कपाटासमोर किंवा गोधड्या टांगलेल्या कोपऱ्यात बसावे. भिंतींचा प्रतिध्वनी थांबतो. पंखा बंद, शेजारचा कुकर शांत आणि रुळांलगत राहणाऱ्यांनी शेवटची लोकल जाऊ द्यावी.

प्रत्येक ठिकाणी मुलाखत संपल्यावर अर्धा मिनिट त्या जागेचा नुसता आवाज मुद्रित करावा. फलाटावरची घोषणा, जांभळी नाक्यावरची भाजीची हाक, खाडीवरचा वारा हे आवाज निवेदनातली दहा वाक्ये वाचवतात. संकलनासाठी 'ऑडॅसिटी'सारखी प्रणाली विनामूल्य मिळते. संकलनाचा धर्म एकच : अडखळणे कापावे, आशय कापू नये. 'रस्ता चांगला झाला, पण सहा महिन्यांत उखडला' यातला उत्तरार्ध गाळणे ही लबाडी होय. मूळ ध्वनिफीत जपून ठेवावी, म्हणजे वाद उद्भवल्यास पुरावा हाती राहतो. आज यंत्र माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करते. जे बोलले गेलेच नाही ते कोणाच्या तोंडी घालण्यासाठी अशा यंत्राचा उपयोग कदापि होऊ नये. आणि कोणी पाठवलेली ध्वनिफीत मूळ वक्त्याकडून खात्री केल्याखेरीज वापरू नये.

चौथा धडा : पडताळणी आणि मर्यादा

बातमीला दोन स्वतंत्र आधार हवेत. दोन गटांवर आलेला एकच संदेश म्हणजे दोन आधार नव्हेत. महापालिकेचा ठराव असेल तर ठरावाची प्रत पाहावी, अपघात असेल तर घटनास्थळ आणि पोलीस ठाणे दोन्ही गाठावे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. दहा रुपयांच्या शुल्कात केलेला एक साधा अर्ज अनेकदा शंभर तर्कांना पुरून उरतो.

कायद्याच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे. अत्याचारपीडित स्त्रीची ओळख उघड करण्यास कलम ७२ मनाई करते आणि बालकांच्या बाबतीत 'पॉक्सो' कायदा ती करतो. येथे ध्यानात ठेवावे की, नाव न सांगताही आवाजावरून माणूस ओळखता येतो. चित्रपटातले गाणे पार्श्वभूमीला वापरणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो.

आणि आता एक अवघड गोष्ट. कार्यकर्ता पत्रकारिता करू शकतो का? करू शकतो, मराठी पत्रकारितेचा इतिहासच ध्येयवादी माणसांनी घडवला आहे. पण त्यासाठी एक कसोटी मान्य करावी लागते. मत हे मत म्हणून सांगावे, बातमी ही बातमी म्हणून. ज्याच्यावर आरोप आहे, त्याची बाजू त्याच्याच आवाजात ऐकवावी. आणि खड्ड्यांविषयीचा प्रश्न विरोधी विचारांच्या नगरसेवकाला जितक्या स्पष्टपणे विचारला जातो, तितक्याच स्पष्टपणे तो आपल्या विचारांच्या नगरसेवकालाही विचारावा. तो विचारला गेला नाही, तर आपल्याच माणसांची ऐकण्याची सवय प्रथम सुटते. स्तुतीपर भाषणे लोक व्यासपीठासमोर बसून ऐकतात. हेडफोन लावून कोणी ऐकत नाही. चुकीची बातमी गेली, तर पुढच्याच भागाच्या प्रारंभी ती दुरुस्त करावी. याने मान कमी होत नाही.

काम कोठून सुरू करावे?

मुंबई विद्यापीठाच्या जनसंज्ञापन अभ्यासक्रमात रेडिओ शिकवला जातो. परंतु पदवीची वाट पाहण्याचे कारण नाही. पाच जणांचा एक गट पुरेसा आहे : एकाने बातमी शोधावी, एकाने पडताळावी, एकाने लिहावे, एकाने वाचावे, एकाने संकलन करावे आणि दर महिन्याला कामे बदलावीत. पंधरा दिवसांतून एक भाग, दहा मिनिटांचा, ठरलेल्या वारी. सातत्य हे या माध्यमाचे अर्धे यश आहे.

विषयांचा येथे दुष्काळ नाही. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि ती प्रथा राज्यभर पसरली. त्या यात्रेचा आवाजी इतिहास, तिच्यातल्या पहिल्या पिढीच्या तोंडून, अद्याप नोंदवता येण्याजोगा आहे. आगरी समाजातील लग्नाचे धवळे गाणाऱ्या वृद्ध धवलारिणी अजून गावांत आहेत. त्यांच्या मागे त्यांचा स्वर राहील की नाही, हे आताच्या दहा वर्षांत ठरेल. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. त्यांच्या दालनांत जुने अंक आहेत आणि तेथे नित्य येणारे ज्येष्ठ वाचक स्वतःच चालते संदर्भग्रंथ आहेत. शहराच्या भोवतालच्या २७ गावांचे प्रश्न आहेत, उल्हास नदीचे प्रदूषण आहे, रेल्वेच्या दारात लटकून जाणाऱ्यांचे रोजचे मरण आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गाड्यांतून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा चार दिवस सर्व माध्यमे तेथे होती. पाचव्या दिवसापासून तेथे कोण होते? जो त्याच गाडीने रोज जातो, त्यानेच हा विषय धरून ठेवायला हवा.

श्रोते किती, याची चिंता आरंभी करू नये. एका गृहसंकुलातील दोनशे घरांनी नियमित ऐकले, तरी ती मोठी शक्ती आहे. दृष्टिहीन बांधव, अंथरुणाला खिळलेले वृद्ध, दिवसभर यंत्रासमोर उभा असलेला कामगार, ज्यांना वाचता येत नाही किंवा वाचायला सवड नाही, अशा सर्वांचे हे वृत्तपत्र आहे. परदेशी गेलेल्या डोंबिवलीकर मुलालाही फडके रोडच्या दिवाळी पहाटेचा आवाज ऐकायचा असतो.

तेव्हा येथून उठताना प्रत्येकाने एक लहानसा अभ्यास घरी न्यावा. येत्या आठ दिवसांत आपल्या इमारतीतील, वाडीतील किंवा वस्तीतील सर्वांत वृद्ध व्यक्तीकडे बसावे. तिला एकच प्रश्न विचारावा : 'तुम्ही इथे राहायला आलात, तेव्हा पाणी कोठून भरत होता?' मग न बोलता पंधरा मिनिटे ऐकावे. ते मुद्रित करावे, त्यातली तीन मिनिटे निवडावीत, सांगितलेल्या जागा स्वतः जाऊन पाहाव्यात, सांगितलेली वर्षे जुन्या कागदांवरून तपासावीत आणि कानासाठी पाच ओळींचे निवेदन लिहावे. शोधणे, ऐकणे, निवडणे, पडताळणे आणि लिहिणे या पाचही विद्यांचा आरंभ त्यात होतो. पहिला भाग ओबडधोबड होईल. होऊ द्यावा. दहावा भाग होईपर्यंत त्या वस्तीला स्वतःचा आवाज सापडलेला असेल.